वावळाचं वावडं

माघ उतरणीला लागला की आमच्या भोंगवलीत दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात, रात्री आठच्या सुमाराला वीज जाणं आणि आमच्या धाकट्या नातीचं शिंकणं. विजेचा काही भरवसा नाही, ती कधी तासाभरात परत येते, कधी सकाळीच तोंड दाखवते. पण शिंका मात्र पंचांग बघून निघाल्यासारख्या येतात, एकीमागून एक, सात-आठ-दहा, मग डोळे चोळणं, मग नाक पुसून पुसून लाल, आणि रात्र चढली की पोरीच्या छातीतून एक बारीक सूर निघायला लागतो, लांब माळावर कुणी गुराखी पावा फुंकत असावा तसा. पोर वाढते पुण्यात. सुट्टीला हुरडा खायला म्हणून इथं येते आणि हुरडा राहतो बाजूला, ओसरीवर वाकळ पांघरून पंप ओढत बसते. तिची आजी म्हणते, आंब्याचा मोहोर बाधला. शेजारीण म्हणते, आगटीचा धूर लागला. मी म्हणतो, ओढ्याकाठचा तो वावळ.

"आबा, वावळाला तर फूलच नाही," नात म्हणाली. कंदिलाची काच पुसत होतो, ती तशीच ठेवली आणि म्हटलं, बस अशी जवळ, सांगतो.

फूल म्हणावं असं वावळाला नसतं हे खरं. पौष-माघात तो पाला झाडून मोकळा होतो, राखाडी सालीचा नुसता सांगाडा उभा, आणि त्या उघड्या काड्यांवर हिरवट-तपकिरी बारीक झुबके येतात, ते खालून बघणाऱ्याला फुलं वाटतच नाहीत, डहाळीला काहीतरी मळ धरलाय असं वाटतं. त्याच दिवसांत पलीकडच्या माळावर पळस पेटलेला असतो, काटेसावर गुलाबी-लाल झालेली असते, आंबा मोहोरलेला असतो, आणि माणसाचा स्वभाव असा की शिंक आली की संशय नटव्यावर जातो, साध्याकडं कुणी बघत नाही. पण विचार कर, पळस नटलाय कुणासाठी? पाखरांसाठी. सावर साळुंक्यांना, कावळ्यांना बोलावते. आंब्याच्या मोहोरावर माश्या-किडे घोंगावतात. ज्याला पाहुणा बोलवायचाय तो अंगण सारवतो, रांगोळी घालतो, मध वाढतो. आणि त्याचे परागकण जड, चिकट, पाहुण्याच्या पायाला लागून जावेत असे. मोहोराच्या उग्र वासानं नाक चुरचुरतं, तेवढा दोष त्याच्या पदरी घाल. पण त्याचे कण काही गावभर उडत नाहीत. वावळाला पाहुणा नकोच. त्यानं आपलं सगळं काम वाऱ्यावर सोपवलंय. वारा काही फूल ओळखून जात नाही, आंधळाच तो. म्हणून वावळ काय करतो, तर कोरडे, हलके, गुळगुळीत परागकण मुठी-मुठीनं उधळतो, लाखातला एखादा दुसऱ्या वावळाच्या फुलावर पडला तरी पुरे, बाकीचे कुणाच्या का नाकात जाईनात. आणि पालाही त्यानं आधीच झाडून टाकलेला, वाऱ्याच्या वाटेत आडकाठी नको म्हणून.

हा कण असतो केवढा, तर माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. तू मक्याच्या रानात दुपारी शिरली होतीस आणि अंगरख्यावर पिवळी धूळ घेऊन आली होतीस, आठवतं? तीच जात. फक्त मक्याचा कण दांडगा, तो लांब जात नाही, आपल्याच बांधाशी पडतो. वावळाचा मात्र ओढा ओलांडतो, रस्ता ओलांडतो, आणि पुण्यात टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडेला वावळ काय कमी आहेत? तेव्हा भोंगवलीला दोष देऊ नकोस, तुझ्या सोसायटीतही तो पोचलेलाच असतो.

हे वाऱ्यावरचं भांडं फोडलं कुणी, त्याचीही गंमत आहे. मँचेस्टर गावात चार्ल्स ब्लॅकली नावाचे एक डॉक्टर होते, आणि ते स्वतःच दर उन्हाळ्यात असे शिंकत बसायचे. लोक म्हणायचे उन्हानं होतं, कोण म्हणे धुळीनं, कोण म्हणे ताज्या गवताच्या वासानं. एकदा घरातल्या मुलांनी रानगवताचे तुरे आणून फुलदाणीत ठेवले, डॉक्टरांनी ते जवळून न्याहाळले, धूळ उडाली आणि शिंकांचा पाऊस! बस, त्या दिवसापासून माणूस पाठीच लागला. हातावर ओरखडा काढून त्यावर ओले परागकण चोळायचे आणि गांध किती मोठी उठते ते मोजायचं. एवढ्यानं भागलं नाही तेव्हा या प्रतिष्ठित गृहस्थानं पतंग उडवला. पतंगाला चिकट काचा बांधल्या, एकाच्या वर दुसरा पतंग जोडून हजार फुटांहून वर चढवल्या, आणि खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर खालच्यापेक्षा वरच्या हवेतच परागकण जास्त! लोक माडीवर जाऊन मोकळी हवा खातात ती ही अशी हवा. त्यांचं पुस्तक निघालं १८७३ साली, आणि योग बघ, त्याच साली कलकत्त्यात कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या तुरुंगांच्या आवारातली हवा चिकट काचेवर धरून तिच्यात काय काय तरंगतं त्याची चित्रं छापली. आपल्याकडं हे काम मनावर घेतलं औरंगाबादच्या प्रा. टिळकांनी, एस. टी. टिळक, मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रवाले. त्यांनी १९७० साली एका सहकाऱ्याबरोबर विजेवर चालणारं हवा ओढायचं यंत्रच बनवलं, टिळक सॅम्पलर म्हणतात त्याला. आत चिकट पट्टी लावलेला ढोल हळूहळू फिरतो, आठवडाभराची हवा त्यावर आपली सही करत जाते; कुठल्या दिवशी कुठल्या झाडानं किती उधळलं, सगळा हिशेब. आपले तलाठी सातबारा ठेवतात तसा हा हवेचा सातबारा.

आता तू विचारशील, परागकण तर तुमच्याही नाकात जातात, मग तुम्ही का शिंकत नाही. इथंच खरी मौज आहे, आणि ती सांगायला मला आमचा हौशा आठवतो.

हौशा म्हणजे आमच्या लहानपणचा खिल्लारी खोंड. देखणा, शिंगं अशी की बघत राहावं, अंगात ताकद, कामाला वाघ. खोड एकच, बुजरा होता. यष्टीचा भोंगा ऐकला की संपलं. डोळे पांढरे करायचा, शेपूट वर, आणि गाडी-माणूस-बांध काही न बघता उधळायचा. यष्टी काही त्याला खाणार नव्हती, पण हे त्याला कोण सांगणार? दुबळं जनावर असतं तर थरथरून खाली बसलं असतं. हा तगडा, म्हणून नुकसानही तगडं. तुझं नाक तसं आहे. लोकांना वाटतं वावडं म्हणजे अंगात काही कमी आहे. अगं, तुझं अंग वाजवीपेक्षा जास्तच सावध आहे! वावळाचा कण म्हणजे निरुपद्रवी वाटसरू, ना विष ना रोग, पण तुझ्या अंगानं कधीतरी एकदा त्याची चुकीची ओळख धरून ठेवली, आणि आता तो दिसला की उधळतंय.

ही ओळख धरून ठेवतं कोण, याचा शोध तर ऐकण्यासारखा आहे. १९२१ साली जर्मनीत प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला शिजवलेल्या मासळीचं वावडं, घास खाल्ला की अंगभर गांधी. प्राउसनिट्झला मासळीचं काही नाही, त्याला गवताच्या परागांचं. तर या दोघांनी काय करावं? क्युस्टनरच्या रक्तातलं पाणी काढून प्राउसनिट्झच्या पोटाच्या कातडीत टोचलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. आयुष्यभर सुखानं मासळी खाल्लेल्या माणसाच्या पोटावर, नेमकी तेवढ्याच जागेवर, टम्म गांध! म्हणजे वावडं रक्तातून उसनं देता येतं. त्या पाण्यात काहीतरी होतं. काय होतं, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. १९६६ साली अमेरिकेत इशिझाका नावाच्या जपानी नवरा-बायकोनं ते हुडकलं, आणि त्याच सुमाराला स्वीडनमध्ये दुसऱ्या दोघांनी वेगळ्या वाटेनं. त्याचं नाव ठेवलंय आयजीई. रक्तात इतकं कमी असतं की इतकी वर्षं हाताला लागलं नाही. हे आयजीई नाकात, घशात, श्वासनळीच्या अस्तरात बसलेल्या मास्ट नावाच्या पेशींच्या अंगावर तारेच्या कुंपणासारखं चिकटून असतं. ओलाव्यात पडलेल्या परागकणानं आपला रस सोडला, त्या रसातलं नेमकं प्रथिन तारेला लागलं की पेशी फुटल्यासारखी आपली पोतडी उलटी करते, त्यातून हिस्टामिन निघतं, आणि मग नाकाचा नळ, डोळ्यांची खाज, नळीच्या भिंतीला सूज, तिचे स्नायू आवळणं, धाप. नाक आणि छाती काही दोन वेगळी गावं नाहीत, एकाच रस्त्यावरची वरची आळी आणि खालची आळी. वर भांडण पेटलं की खाली धूर जातो. म्हणून तुझा तो पावा.

तिनं वाकळ गळ्यापर्यंत ओढली. "मग हौशाचं काय झालं?"

त्याचंच सांगतोय. आमचे वडील, तात्या, मारकुटे नव्हते. खोंड मारून शिकत नाही म्हणायचे. त्यांनी काय केलं, तर हौशाला रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या पट्टीत नेऊन बांधला, जिथं यष्टीचा भोंगा कानाला जेमतेम लागावा. भोंगा वाजला की पुढ्यात ओंजळभर पेंड. हौशा कान टवकारायचा, आणि पेंड खायचा. आठ-दहा दिवसांनी खुंटा चार कासरे पुढं. पुन्हा तेच. पुन्हा खुंटा पुढं. मधेच तात्या दोन दिवस गावाला गेले आणि आमच्या नानांना, म्हणजे चुलत्यांना, धीर धरवेना. म्हणाले, हे काय पोरखेळ, एकदाच बांधू थेट फाट्यावर, बघू काय करतो. काय करतो! यष्टी आली, भोंगा वाजला, हौशानं दावं खुंट्यासकट उपटलं आणि ओढा ओलांडून पार दुसऱ्या शिवारात गेला; चार माणसं संध्याकाळपर्यंत मागं. तात्या आले, नानांना काही बोलले नाहीत, हौशाला पुन्हा मागं नेला, अगदी लांबच्या पट्टीत नाही पण बराच मागं, आणि पुन्हा ओंजळभर पेंड. सव्वा वर्ष लागलं. पण त्यानंतर तोच हौशा किकवीच्या बाजूला हमरस्त्याकडेला गाडीला जुंपलेला असताना ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे आणि हा उभ्या उभ्या रवंथ करायचा.

तुझ्या डॉक्टरांनी सुरू केलंय ते हेच. आधी हातावर थेंब थेंब ठेवून टोचणी केली, वेगवेगळ्या झाडांचे, गवतांचे, धुळीतल्या किड्यांचे अर्क, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुठल्या थेंबाखाली गांध उठली ते मोजपट्टीनं मोजलं. वावळाखाली केवढी उठली होती, तूच फोटो पाठवला होतास. ब्लॅकलीचा ओरखडा तो. मग त्याच वावळाच्या परागांचा अर्क, इतका पातळ की भोंगा तीन शेतं पलीकडं वाजावा, दंडात टोचायचा. दर आठवड्याला किंचित जास्त. काही महिन्यांनी ठरलेल्या मापाला पोचलं की महिन्यातून एकदा, आणि असं तीन ते पाच वर्षं.

ही युक्ती पहिल्यांदा नीट करून बघितली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात, १९११ साली. लेनर्ड नून नावाचे डॉक्टर, त्यांनी टिमथी गवताचे पराग गोळा केले, पाण्यात त्यांचा अर्क उतरवला, आणि रोग्याला किती सोसतंय हे बघायला डोळ्यात थेंब टाकून डोळा कधी लाल होतो ते पाहायचं. मापही त्यांनी पाडलं, एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या परागातून जेवढं निघेल ते एक माप. आणि मजा अशी की त्यांचं मूळ गणितच चुकलं होतं. त्यांना वाटलं परागात विष असतं, आणि थोडं थोडं विष दिलं की अंग उतारा तयार करेल, सापाच्या विषासारखं. परागात विष नसतंच. पण चुकीची खूण बघून निघालेला माणूस बरोबर गावाला पोचला, असंही कधी कधी होतं. नून दोनच वर्षांत क्षयानं गेले. त्यांचे मित्र जॉन फ्रीमन यांनी काम पुढं नेलं, आणि तेव्हापासून शंभरावर वर्षं डॉक्टर ही सुई देत आले, ती चालते का हे बघत आले, आणि चालते कशी हे मात्र अगदी आत्ताआत्ता उलगडत आलंय.

आत होतं काय, तर अंगात जाणत्या माणसांसारख्या काही पेशी असतात, तंटा वाढू लागला की मधे पडून "बसा खाली" म्हणणाऱ्या. थोड्या थोड्या ओळखीनं त्या जाग्या होतात. शिवाय अंग आयजीजी-फोर नावाचे दुसरे राखणदार घडवतं, ते परागाच्या प्रथिनाला वाटेतच धरून ठेवतात, कुंपणाच्या तारेला लागूच देत नाहीत. तार तिथंच असते बरं का, पुष्कळ दिवस; फक्त तिला कुणी शिवत नाही. म्हणून तीन वर्षं पुरी करायची. पहिल्या वर्षी जरा बरं वाटलं की लोक सोडतात, मग पुढच्या माघात खुंटा होता तिथंच.

आणि नानांसारखी घाई इथं करायची नसते. सुई टोचल्यावर दवाखान्यात अर्धा तास बसवून ठेवतात, तू त्यावर कुरकुरतेस. पण अर्क रक्तात भलताच चढला तर सगळं अंग एकदम उधळतं, रक्तदाब कोसळतो, आणि तिथं ॲड्रिनलिनची सुई हाताशी असावी लागते. इंग्लंडात अशी काही माणसं दगावली तेव्हा १९८६ साली सरकारी समितीनं कडक बंधनं घातली, जीव वाचवायची सोय नसेल तिथं ही सुई द्यायचीच नाही म्हणून, आणि जिथं उपाय जन्मला त्याच देशात तो जवळपास बंद पडला. ज्या दिवशी छातीत पावा वाजतोय त्या दिवशी सुई घ्यायची नाही, ती पुढं ढकलायची, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पंपही सोडायचा नाही. काही देशांत आता सुईऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी निघालीय, जपानात सुगी नावाच्या झाडासाठी, युरोपात भूर्जासाठी. जपानची तर कथाच और. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठी डोंगरच्या डोंगर एकाच सुगीनं लावले, आणि आता वसंत आला की देशातली शंभरात चाळीसेक माणसं शिंकतात. वावळ आपला विखुरलेला आहे, नशीब समज.

"मग तुम्हाला का नाही हो, आबा? आणि बाबांना?"

हे कुणालाच पुरतं माहीत नाही, पण एक गोष्ट कानात घालतो. ब्लॅकलीलाही हेच कोडं पडलं होतं की दिवसभर गवतात राबणाऱ्या शेतकऱ्याला हा आजार क्वचित आणि पाद्री-डॉक्टरांना फार. अमेरिकेत दोन जमाती आहेत, आमिश आणि हटराइट, दोघंही युरोपातून गेलेले, खाणंपिणं सारखं, लग्नं आपापसात. फरक एवढाच की आमिश घरागणिक गाई-घोडे पाळतात, पोरं गोठ्यात लोळतात, आणि हटराइट मोठ्या यंत्रांची शेती करतात, गोठे घरापासून लांब. २०१६ साली त्यांच्या पोरांची मोजदाद छापून आली: आमिशांत शंभरात पाच पोरांना दमा, हटराइटांत एकवीस जणांना. तुझ्या बापाचं पाळण्याचं वय आमच्या गोठ्याच्या दाराशी गेलं, म्हशीच्या शेपटीचा फटका खातच तो चालायला शिकला. तुझं गेलं चौथ्या मजल्यावर. आता मागं जाऊन तुला गोठ्यात टाकता येत नाही. आणि दमेकरी पोराला शेणा-धुळीत लोळवून बरं करू बघणं म्हणजे नानांचा फाटा.

पण सुईची एक गोष्ट मला आवडते. युरोपात गवत आणि भूर्जाच्या परागानं शिंकणाऱ्या दोनशेपाच पोरांवर पाहणी झाली. काहींना तीन वर्षं सुया दिल्या, काहींना नाही. सुया घेतलेल्यांपैकी कमी पोरांना पुढं दमा लागला, आणि सुया बंद करून कित्येक वर्षं झाली तरी तो फरक टिकला. नुसतं शिंकणं थांबवणं हिस्टामिनवरच्या साध्या गोळीलाही येतं. पण वरच्या आळीतलं भांडण खालच्या आळीत उतरण्याआधीच मिटवायचं, हे गोळीला येत नाही. तुझ्या खालच्या आळीत धूर थोडा शिरलाच आहे, तो निवायला वेळ लागेल.

आणि हो, वळवाचा पाऊस आला की अंगणात भिजायला पळतेस, तेव्हा जरा दमानं. पाऊस हवा धुतो म्हणतात, धुतो, पण वादळाच्या पहिल्या झोतात परागकण पाणी पिऊन तडकतात आणि त्यांचा भुगा होतो. अख्खा कण नाकातच अडकतो, भुगा थेट फुप्फुसात जातो. २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी मेलबर्न शहरावर असंच वादळ आलं, गवताच्या परागांचे दिवस होते, हजारो माणसं धापा टाकत हॉस्पिटलात धावली आणि दहा जण गेले. हॉस्पिटलात धावलेल्यांतल्या पुष्कळांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं. वादळाचा पहिला झोत सरेपर्यंत ओसरीवर थांबायचं, मग भिजायचं.

एवढं होईस्तोवर कंदिलातलं रॉकेल तळाला गेलं आणि पोर माझ्या मांडीवर डोकं टेकून पेंगायला लागली. छातीतला पावा वाजत होता, पण हळू.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा माघात ती आली तेव्हा शिंकलीच, नाही असं नाही. मी मोजत होतो, सलग चार. हुरडा मात्र आगटीशेजारी बसून खाल्ला, आजी ओरडत असताना. पंप पिशवीत होता, एकदाच काढला. अजून सुयांचं दीड वर्ष बाकी आहे.

परवा पुण्याहून फोन आला. अभ्यास-परीक्षेचं काही नाही, पहिला प्रश्न, "आबा, वावळाला पापड्या धरल्या का हो?" त्या गोल, कागदासारख्या पातळ पापड्यांच्या मधलं बी सोलून खायला तिला आवडतं, तिच्या बापालाही आवडायचं. म्हटलं, धरल्यात, पण अजून हिरव्या आहेत. चैत्रात सुकून उडायला लागल्या की ये.